पैसे कशाचे मिळतायत आणि हवंय काय: क्रिटिकल रीझनिंगमधले (सीआर) इन्सेंटिव्हचे प्रश्न कसे सोडवायचे

मे २०२३ मध्ये आपल्या देशात एक लाखाच्या वर इलेक्ट्रिक टू-व्हीलर विकल्या गेल्या. १ जूनपासून केंद्र सरकारने फेम-२ या इलेक्ट्रिक गाड्यांच्या योजनेतली सबसिडी कमी केली, आधी गाडीच्या किमतीच्या ४० टक्क्यांपर्यंत मिळायची ती १५ टक्क्यांवर आणली, आणि जूनमध्ये विक्री निम्म्याच्याही खाली आली. हे वाचून डोक्यात पहिल्यांदा काय येतं? सबसिडी नसेल तर लोक इलेक्ट्रिक गाडी घेतच नाहीत, बरोबर ना. पण जरा थांबा. सबसिडी कमी होणार हे मेमध्येच जाहीर झालं होतं, म्हणजे ज्याला जून-जुलैत गाडी घ्यायची होती तोही मेमध्येच शोरूमला पळाला असणार, त्यामुळे मेचा आकडा फुगला आणि जूनचा तेवढाच बसला. खरी घट किती आणि नुसती तारीख पुढे-मागे झाली ती किती, हे या दोन महिन्यांच्या आकड्यांवरून कळूच शकत नाही, त्यासाठी पुढचे महिने बघायला लागतात.

बस, क्रिटिकल रीझनिंगच्या, म्हणजे छोटा उतारा देऊन त्यातला तर्क तपासायला लावणाऱ्या पेपरमध्ये सवलत, बोनस, दंड, अनुदान, कमिशन असलं काही दिसलं की हाच विचार करायचा असतो. मी ओळखीतल्या मुलांचा जीमॅट आणि एमबीए सीईटी या मॅनेजमेंटच्या प्रवेश परीक्षांचा अभ्यास घेते आणि या एका प्रकारात हुशार मुलंही सारखी अडकताना बघते, गंमत म्हणजे कॉमर्सवाली जास्त, कारण त्यांना विषय माहीत असतो आणि ती पेपरमधलं सोडून स्वतःच्या माहितीवर उत्तर देतात. म्हणून हे सगळं एकदा सविस्तर लिहितेय.

कुठल्या परीक्षेत किती वेळ मिळतो

जीमॅट नोव्हेंबर २०२३ मध्ये बदलली, आता व्हर्बलमध्ये सेंटेन्स करेक्शन (वाक्य दुरुस्त करणं) नाही, फक्त रीडिंग आणि क्रिटिकल रीझनिंग, २३ प्रश्न ४५ मिनिटांत. म्हणजे एका प्रश्नाला दोन मिनिटंही पूर्ण नाहीत. आपल्या एमबीए सीईटीत २०० प्रश्न १५० मिनिटांत असतात, सरासरी ४५ सेकंद, निगेटिव्ह मार्किंग नाही, त्यामुळे तिथे प्रश्न छोटे असतात पण विचार तोच लागतो. एक्सएटी या एमबीएच्याच आणखी एका प्रवेश परीक्षेत सीआर तर येतंच, शिवाय डिसिजन मेकिंगच्या सेटमध्ये कंपनीने कामगारांना बोनस द्यायचा की नाही टाइपचे प्रसंग असतात. लॉच्या प्रवेशासाठीच्या क्लॅटमध्ये लॉजिकल रीझनिंगला आधी मोठा उतारा देतात आणि त्यावर हेच विचारतात. लॉची जेडी ही पदवी घ्यायला अमेरिकेत जाणाऱ्यांना बहुतेक वेळा एलसॅट द्यावी लागते, तिथून ऑगस्ट २०२४ पासून लॉजिक गेम्स काढून टाकलेत, त्यामुळे आता मार्क मिळवायचे ते लॉजिकल रीझनिंग आणि रीडिंगमध्येच.

परीक्षा कुठलीही असो, पेपर सेट करणाऱ्यांना हा विषय आवडतो त्याला कारण आहे. पैशाच्या योजनेत नेहमी कोणीतरी सांगत असतं की "आम्ही असे पैसे देऊ, मग लोक असं वागतील, मग असं होईल". यातलं "लोक असं वागतील" हे कोणीच सिद्ध केलेलं नसतं. फट तिथेच असते.

पहिलं काम: आधी प्रश्न वाचा, मग उतारा

विचारलंय काय ते आधी बघायचं. कमकुवत करा, बळकट करा, गृहीतक कुठलं, काय माहीत असलं तर योजना तपासता येईल, विसंगती समजवा, किंवा यावरून काय निष्कर्ष निघतो. उतारा वाचायची नजर यावरून बदलते. निष्कर्ष काढायचा असेल तर उताऱ्यावर शंका घ्यायची नाही, लिहिलंय ते खरं धरायचं. कमकुवत करायचं असेल तर पहिल्या ओळीपासून भोक शोधत वाचायचं.

मग शेवटचा दावा काय आहे तो शब्दशः पकडा, आणि हे मी खूप जोर देऊन सांगतेय कारण अर्ध्या चुका इथे होतात. "विक्री वाढेल", "नफा वाढेल", "प्रदूषण कमी होईल" आणि "जास्त लोक सहभागी होतील" हे चार वेगळे दावे आहेत. योजना तीच असली तरी दावा बदलला की बरोबर ऑप्शन बदलतो. मी मुलांना कच्च्या कागदावर दाव्यातला मुख्य शब्द लिहून त्याला गोल करायला लावते, चार सेकंद जातात आणि पुढचे तीस वाचतात.

दुसरं काम: साखळी काढा

कच्च्या कागदावर बाणांची एक ओळ. कोण देतो, कोणाला देतो, नेमकं कशाबद्दल देतो, तो माणूस त्यामुळे काय करेल, आणि शेवटी काय व्हायला हवंय. यातली तिसरी गोष्ट फार बारकाईने बघायची, पैसे नेमके कशाचे मोजून मिळतात. आणि मग तिसरी आणि पाचवी शेजारी ठेवून विचारायचं की या दोन्ही एकच आहेत का.

याचं सगळ्यात बोलकं उदाहरण १९०२ चं हनोई. व्हिएतनाममध्ये तेव्हा फ्रेंचांचं राज्य होतं, शहरात उंदीर झाले, प्लेगची भीती, म्हणून सरकारने लोकांना सांगितलं की उंदीर मारा आणि शेपटी आणून दाखवा, दर शेपटीमागे पैसे. शेपट्या भरपूर जमा व्हायला लागल्या. पण थोड्या दिवसांनी गावात शेपटी नसलेले जिवंत उंदीर पळताना दिसायला लागले, कारण शेपटी कापून उंदीर सोडून दिला की तो पिल्लं घालतो आणि पुढच्या शेपट्या तयार. काही जण तर उंदीर पाळायलाच लागल्याचं उघड झालं. पैसे शेपटीचे होते, हवे होते मेलेले उंदीर. बाणांच्या ओळीत लिहिलं असतं तर ही फट आधीच दिसली असती.

तिसरं काम: भोकं कुठे असतात ते पाठ असू द्या

वर्षानुवर्षं प्रश्न बघून माझं मत झालंय की या विषयातली भोकं मोजकीच आहेत आणि तीच तीच फिरून येतात.

सगळ्यात जास्त वेळा येतं ते म्हणजे "तो ते आधीच करणार होता". समजा कंपनीने सोलर वॉटर हीटरवर ५०० रुपये सूट दिली आणि १००० जणांनी घेतला. कंपनी म्हणते योजनेमुळे १००० हीटर खपले. पण त्यातले ७०० जण सूट नसती तरी घेणारच होते असं निघालं तर? मग योजनेने आणलेली गिऱ्हाइकं फक्त ३०० आणि खर्च झाले पाच लाख, म्हणजे एका नव्या गिऱ्हाइकामागे जवळजवळ १६६७ रुपये. उताऱ्यात "ज्यांनी लाभ घेतला" असा शब्द आला की हाच प्रश्न मनात आला पाहिजे.

दुसरं भोक तारखेचं, ते वर गाडीच्या उदाहरणात आलं.

तिसरं, शेपटी आणि उंदीर, म्हणजे मोजलं जातं एक आणि हवंय दुसरं. स्वच्छ भारतमध्ये शौचालय बांधायला १२,००० रुपये मिळायचे. उताऱ्यात दावा "गावात शौचालयं वाढतील" असेल तर ठीक, पण "उघड्यावर जाणं बंद होईल" असा असेल तर मधे एक गृहीतक लपलंय की बांधलेलं शौचालय लोक वापरतील, तिथे पाणी असेल. मी योजना चांगली की वाईट हे म्हणत नाहीये, साखळीत एक कडी जास्त आहे एवढंच.

चौथं, माणसाला पैसे दिसतात पण त्याला ते करताच येत नाही. दुष्काळी भागातल्या शेतकऱ्याला फळबाग लावायला अनुदान दिलं पण पहिली तीन वर्षं बाग जगवायला टँकरचं पाणीच परवडत नसेल तर अनुदान कितीही आकर्षक असो, तो बाग लावू शकत नाही. किंवा अनुदान आधी स्वतः खर्च करून मग खात्यात येणार असेल आणि त्याच्याकडे आधी टाकायला पैसे नसतील. आपल्याकडच्या कुठल्याही शेतकरी घरातल्या मुलाला हे सांगायला लागत नाही, पण पेपर इंग्रजीत असला की तीच मुलं हे विसरतात, याचं मला फार वाईट वाटतं, कारण उत्तर त्यांच्या घरात असतं.

पाचवं, वाचवलेलं दुसरीकडे जातं. ठिबकवर अनुदान दिलं, एकरी पाणी कमी लागायला लागलं, म्हणून दावा केला की विहिरींची पातळी वाढेल. पण वाचलेल्या पाण्यावर शेतकऱ्याने आणखी एकरभर ऊस लावला तर? एकरी पाणी कमी, एकूण पाणी तेवढंच किंवा जास्त. "एकरी", "प्रत्येकी", "सरासरी" हे शब्द उताऱ्यात आणि "एकूण" दाव्यात असं दिसलं की इथे बोट ठेवायचं.

सहावं, त्याच काळात दुसरंही काहीतरी चालू होतं. २००५ मध्ये जननी सुरक्षा योजना आली, दवाखान्यात बाळंतपण केलं की आईला रोख रक्कम. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत २००५-०६ ला दवाखान्यातली बाळंतपणं ३८.७ टक्के होती, २०१५-१६ ला ७८.९ टक्के. केवढी मोठी वाढ. पण त्याच दहा वर्षांत ग्रामीण आरोग्य अभियान आलं, गावोगाव आशा ताई नेमल्या गेल्या, १०८ ची ॲम्ब्युलन्स सुरू झाली, रस्ते झाले. मग वाढ पैशामुळे किती आणि बाकीच्यामुळे किती? या उदाहरणात तिसरं भोकही आहे, रक्कम दवाखान्यात येण्याची आहे, आणि हवंय आई आणि बाळ सुखरूप असणं.

आणि सातवं मला सगळ्यात आवडतं, पैसा मधे आला की आधीची भावना जाते. याच्यावर खाली एक पूर्ण प्रश्न घेते.

चौथं काम: ऑप्शन बघायच्या आधी स्वतःचं उत्तर

दहा सेकंद. "मला असं काहीतरी पाहिजे की हे लोक तसेही घेणारच होते." एवढं मनात म्हणून मग ऑप्शन. नाहीतर पाच ऑप्शन पाच दिशांना ओढतात आणि शेवटी जो जास्त शहाणा वाटतो तो टिक होतो.

आता दुधाचा प्रश्न

एका तालुका दूध संघाने जानेवारीपासून ४ च्या वर फॅट लागणाऱ्या गायीच्या दुधाला लिटरमागे ३ रुपये जादा द्यायला सुरुवात केली. मार्चपर्यंत संघात येणाऱ्या दुधाची सरासरी फॅट ३.६ वरून ४.१ झाली. यावरून संघाचे अध्यक्ष म्हणतात की जादा दरामुळे सभासदांनी जनावरांचा खुराक सुधारला. खालीलपैकी कशामुळे हे म्हणणं सगळ्यात जास्त कमकुवत होतं?

अ) जादा दरामुळे संघाचा दूध खरेदीचा खर्च वाढला.
ब) जानेवारीनंतर कमी फॅट लागणारे बरेच सभासद दूध खासगी डेअरीला घालायला लागले.
क) काही सभासदांना जादा दराची माहिती उशिरा मिळाली.
ड) शेजारच्या तालुक्यातल्या संघाने जादा दर दिला नाही आणि तिथली फॅट होती तेवढीच राहिली.
इ) चांगला खुराक दिला की दुधाची फॅट वाढते असं पशुवैद्यक सांगतात.

साखळी काढा. संघ देतो, सभासदाला देतो, ४ च्या वर फॅट लागली तर देतो, तो खुराक सुधारेल, फॅट वाढेल. दावा काय? "खुराक सुधारला". पुरावा काय? "सरासरी वाढली". सरासरी वाढायला प्रत्येकाची फॅट वाढायलाच हवी असं नाही, कमीवाले बाहेर गेले तरी सरासरी वाढते, एकाही गोठ्यात पेंडीचं एक जादा पोतं आलं नाही तरी. म्हणून ब. खर्च वाढला हे अ मधलं खरं असेल, पण दावा खर्चाचा नाहीच. क मध्ये काही जणांना उशिरा कळलं, बरं मग, बाकीच्यांनी सुधारला असेल की. ड नीट बघा, तो उलटा आहे, शेजारी योजना नाही आणि फॅटही वाढली नाही म्हणजे अध्यक्षांचं म्हणणं बळकट होतं, आणि घाईत वाचणारे याच्यावरच पडतात कारण त्यात आकडेवारीचा वास येतो. इ सुद्धा मदतच करतो.

हा प्रकार ओळखायची खूण सांगते. उताऱ्यात सरासरी किंवा टक्केवारी सुधारली असं असेल तर विचारायचं, गटातली माणसं तीच आहेत का बदलली. कंपनीने कमी काम करणाऱ्यांचा पगार कापला आणि सरासरी काम वाढलं, तर कदाचित कमी काम करणारे सोडून गेले असतील.

गृहीतकाचा प्रश्न, आणि दावा बदलला की काय होतं

एका नगरपालिकेत गेल्या वर्षी १०,००० पैकी २,००० मालमत्ताधारकांनी कर भरलाच नाही. यंदा पालिकेने ठरवलंय की ३१ मेच्या आत वर्षाचा कर भरला तर १० टक्के सूट. अधिकारी म्हणतात, यामुळे थकबाकीदारांची संख्या कमी होईल. हे म्हणणं कुठल्या गृहीतकावर उभं आहे?

ऑप्शन मी ओळीतच सांगते. एक, सूट दिल्याने पालिकेचं एकूण उत्पन्न घटणार नाही. दोन, गेल्या वर्षी न भरणाऱ्यांपैकी निदान काही जणांना सूट मिळाली तर मेअखेर पैसे उभे करता येतील. तीन, थकबाकी कमी करायला सुटीपेक्षा चांगला उपाय नाही. चार, सगळे थकबाकीदार सुटीचा फायदा घेतील.

गृहीतकासाठी उलटं करून बघायची टेस्ट वापरायची, ऑप्शन खोटा धरायचा आणि दावा पडतो का बघायचं. दुसरा उलटा केला तर होतं, "कोणालाच पैसे उभे करता येणार नाहीत", मग संख्या कमी होणार कुठून? दावा पडला. दुसरा बरोबर. चौथा उलटा केला, "सगळे घेणार नाहीत", तरी पाचशे जणांनी घेतला तर संख्या कमी होतेच, दावा उभा. तिसरा उलटा केला, दुसरा चांगला उपाय आहे, असू दे, हाही चालेल की. गृहीतकात "सगळे", "फक्त", "एकमेव", "सर्वोत्तम" असे शब्द आले की सावध व्हायचं, आणि "निदान काही" असा साधा शब्द आला की नीट बघायचं.

पहिला ऑप्शन मात्र लक्षात ठेवा, कारण दावा जर "वसुलीची रक्कम वाढेल" असा असता तर तोच महत्त्वाचा झाला असता. हिशोब करून बघा, कर प्रत्येकी ५,००० धरा. ८,००० लोक तसेही भरणारच होते, त्यांनी सगळ्यांनी सूट घेतली तर ५०० प्रमाणे ४० लाखांचं नुकसान. नवा भरणारा ४,५०० देणार. ४० लाख भरून निघायला ४,५०० वाले साधारण ८९० लागतील, म्हणजे दोन हजार थकबाकीदारांतले जवळजवळ ४५ टक्के. संख्या कमी करायला एक माणूस पुरतो, रक्कम वाढवायला ८९० लागतात. म्हणून म्हणते दाव्याला गोल करा.

काय माहीत असलं तर योजना तपासता येईल

याला माझ्या मुलांनी "हो-नाही" नाव ठेवलंय. प्रत्येक ऑप्शन प्रश्न असतो, त्याचं उत्तर "हो" धरा, मग "नाही" धरा. दोन्ही वेळा दाव्यावर परिणाम वेगळा झाला पाहिजे. एक फूड डिलिव्हरी कंपनी रायडरला दिवसात २० ऑर्डर झाल्या की २०० रुपये जादा देते, हेतू असा की गिऱ्हाइकाला जेवण लवकर पोचावं. "एका फेरीत रायडर दोन-तीन ऑर्डर एकत्र उचलू शकतो का?" हो असेल तर तो हॉटेलबाहेर दुसरी ऑर्डर तयार व्हायची वाट बघेल, पहिलं जेवण थंड. नाही असेल तर वेगाने जाण्याशिवाय मार्ग नाही. परिणाम वेगळा, म्हणजे कामाचा प्रश्न. "दुसऱ्या कंपन्या यापेक्षा जास्त बोनस देतात का?" हो-नाही काहीही आलं तरी जेवण लवकर पोचतं का हे कळत नाही. सोडून द्या.

विसंगतीचा प्रश्न

इस्रायलमधल्या हैफा शहरातलं हे खरं उदाहरण आहे, उरी ग्नीझी आणि आल्डो रुस्तिकीनी या दोघा अर्थतज्ज्ञांनी २००० साली छापलं. दहा पाळणाघरं घेतली. मुलांना न्यायला पालक उशिरा यायचे. त्यातल्या सहा ठिकाणी दहा मिनिटांच्या वर उशीर झाला तर १० शेकेल (तिथलं चलन) दंड लावला. उशिरा येणारे कमी झाले नाहीत, वाढले, जवळजवळ दुप्पट झाले. आणि पुढे दंड काढून टाकला तरी संख्या खाली आली नाही.

पेपरमध्ये विचारतील, दंड असून उशीर का वाढला हे कशाने समजतं? बरोबर ऑप्शन असा काहीतरी असेल: दंडाआधी उशीर झाला की ताई आपल्यासाठी थांबल्या याचा पालकांना संकोच वाटायचा, दंड आल्यावर त्यांना वाटलं की जादा वेळेचे पैसे आपण भरतोच आहोत. चुकीचे ऑप्शन दोन प्रकारचे असतात. एक म्हणजे विसंगतीची एकच बाजू समजावणारे, उदाहरणार्थ "दंडाची रक्कम कमी होती", याने उशीर कमी का झाला नाही ते कळतं पण वाढला का ते कळत नाही. दुसरे म्हणजे विसंगती वाढवणारे, "बहुतेक पालकांना १० शेकेल जास्त वाटायचे". दोन्ही बाजू एकत्र खऱ्या कशा ते सांगणाराच ऑप्शन घ्यायचा.

दंड काढल्यावरही संख्या खाली का आली नाही, यावर वेगळा प्रश्न होऊ शकतो. तिथे उत्तर संकोच परत आला नाही या अंगाने जातं, कारण एकदा एखाद्या गोष्टीला किंमत लागली की ती उपकार राहत नाही, विकतची होते.

निष्कर्ष काढताना स्वतःचं मत बाहेर ठेवा

हे आपल्या लोकांसाठी खास लिहितेय. महाराष्ट्रात २०१९ च्या कर्जमुक्ती योजनेत दोन लाखांपर्यंतचं थकीत पीककर्ज माफ झालं, आणि नियमित फेडणाऱ्या शेतकऱ्यांना ५०,००० रुपयांपर्यंत प्रोत्साहनपर रक्कम द्यायचं ठरलं. समजा उताऱ्यात एवढंच आहे. मग "माफीमुळे लोक मुद्दाम कर्ज थकवतात" हा निष्कर्ष निघतो का? नाही निघत. "शेतकऱ्यांना न्याय मिळाला" निघतो का? तोही नाही. "नियमित फेडणाऱ्या काही शेतकऱ्यांनाही सरकारकडून रक्कम मिळण्याची सोय होती" एवढाच निघतो. कंटाळवाणा वाटतो, पण निष्कर्षाच्या प्रश्नात बरोबर ऑप्शन बहुतेक वेळा असाच साधा असतो. कर्जमाफीबद्दल तुमच्या घरात, गावात, बँकेत काम करणाऱ्या मामाकडे काहीही मत असू दे, परीक्षेच्या दोन मिनिटांत ते बाजूला ठेवायचं.

तसंच "ही योजना गरिबांवर अन्याय करते" किंवा "यापेक्षा जागृती केलेली बरी" असले ऑप्शन. माणूस म्हणून ते पटतात. पण दावा योजनेने परिणाम होतो का एवढाच असेल तर त्यांचा संबंध नाही.

सराव कसा करायचा

रोज वर्तमानपत्रातली एक योजना घ्या, मराठी वर्तमानपत्रातली घेतली तरी चालते, आणि बाणांची ओळ मराठीतच काढा. लेक लाडकी घ्या, २०२३ पासूनची, पिवळं-केशरी रेशनकार्ड असलेल्या घरातल्या मुलीला जन्मानंतर ५ हजार, पहिलीत ६, सहावीत ७, अकरावीत ८ आणि १८ वर्षं झाली की ७५ हजार. विचारा, शेवटची मोठी रक्कम अठराव्या वर्षी का ठेवली असेल, तेव्हा त्या घरात कुठला निर्णय होणार असतो, आणि रक्कम अठरापर्यंत थांबायला लावते की शिकायलाही लावते? असं महिनाभर केलं की इंग्रजी उताऱ्यात "सबसिडी" दिसताक्षणी हात आपोआप बाण काढायला लागतो. चुकलेल्या प्रश्नांची वही ठेवा पण त्यात बरोबर उत्तर लिहू नका, कुठलं भोक होतं तेवढंच लिहा, "तसेही करणार होते", "तारीख", "गट बदलला". पंधरा दिवसांनी वही बघितली की कळतं आपण कुठे पडतो, आणि बहुतेकांचे दोनच शब्द परत परत आलेले असतात. इंग्रजीत "अनलेस" आणि "ओन्ली इफ" कच्चं असेल तर ते वेगळं पक्कं करा, तिथे तर्क बरोबर असूनही मार्क जातात.

शेवटी एक तुमच्यासाठी. सप्टेंबर ते डिसेंबर २०२० राज्य सरकारने घरखरेदीची स्टॅम्प ड्युटी ३ टक्क्यांनी कमी केली, जानेवारी ते मार्च २०२१ ती कपात २ टक्क्यांवर आणली. डिसेंबर २०२० मध्ये नोंदणीला प्रचंड गर्दी झाली. समजा एक जण म्हणतो, "म्हणजे कायमची ३ टक्के कपात केली तर दर महिन्याला डिसेंबरएवढीच घरं विकली जातील." हे सगळ्यात जास्त कशाने कमकुवत होतं? अ) कपातीमुळे सरकारचा महसूल दर व्यवहारामागे घटला. ब) डिसेंबरमध्ये नोंदणी करणाऱ्यांतले बरेच जण पुढच्या वर्षी घर घेणार होते, पण मुदत संपायच्या आत त्यांनी व्यवहार उरकला. क) काही गिऱ्हाइकांना कपातीची माहिती बिल्डरकडून कळली. ड) त्या काळात गृहकर्जाचे व्याजदरही कमी होते.

उत्तर ब. ड वर थांबलात तर विचार चांगला आहे, तो सहावं भोक आहे आणि दाव्याला थोडा धक्का देतोही, पण व्याजदर कमी होते ते आधीच्या-नंतरच्या महिन्यांतही कमी असू शकतात, नेमक्या डिसेंबरच्या गर्दीचं कारण त्यात नाही. ब मध्ये आहे, मुदत. आणि कपात कायमची केली की मुदतच उरत नाही, मग घाई कोण करणार.